स्पिलबर्गची वाट पुरे, आता ‘वामन’ पडद्यावर आणा

स्टीव्हन स्पिलबर्ग यंत्रमानवांच्या बंडावर चित्रपट करणार ही बातमी २०१० साली आली, तेव्हापासून मी त्या चित्रपटाची वाट पाहत आले आहे. डॅनिअल विल्सन यांच्या ‘रोबोपोकॅलिप्स’ या कादंबरीवर तो बेतलेला असणार होता. कादंबरी छापून येण्याआधीच स्पिलबर्गच्या कंपनीनं तिचे हक्क घेऊन ठेवले होते. २०११च्या जूनमध्ये ती बाजारात आली आणि मी लगेच मागवून वाचली. विल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून रोबोटिक्समध्ये डॉक्टरेट घेतलेली आहे आणि ते पानापानांवर जाणवतं. प्रयोगशाळेतून सुटलेली ‘आर्कोस’ नावाची कृत्रिम बुद्धी मुलांच्या खेळण्यांत, रस्त्यावरच्या गाड्यांत, घरकाम करणाऱ्या यंत्रांत शिरते आणि ज्यांच्यावर आपण डोळे मिटून विसंबलो त्याच वस्तू आपल्यावर उलटतात. ‘जॉज’ आणि ‘ज्युरासिक पार्क’ करणाऱ्या माणसाच्या हाती हे कथानक पडलं म्हटल्यावर माझ्यासारख्या विज्ञानकथा वाचणारीला किती आनंद झाला असेल, हे वेगळं सांगायला नको.

प्रदर्शनाची तारीख आधी जुलै २०१३ ठरली, मग एप्रिल २०१४ झाली. जानेवारी २०१३मध्ये काम अनिश्चित काळासाठी थांबलं. २०१८ साली मायकल बे यांचं नाव दिग्दर्शक म्हणून पुढे आलं. चित्रपट मात्र आजवर पडद्यावर आलेला नाही.

आता मला त्याची वाट पाहायची नाही. स्पिलबर्गविषयीचा माझा आदर तिळभरही कमी झालेला नाही. पण यंत्रमानवाच्या बंडाची एक फार मोठी गोष्ट मराठीत लिहिली गेली आहे, ती ऐंशीच्या दशकापासून आपल्या ग्रंथालयांत आहे, आणि आजच्या प्रश्नाला ती हॉलिवूडच्या कुठल्याही युद्धपटापेक्षा जास्त नेमकी भिडते. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. तिच्यावर चित्रपट व्हावा, आणि तो मराठीत व्हावा, एवढं मागण्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

स्पिलबर्गचा आपल्या भूमीशी आलेला संबंध या निमित्तानं आठवण्यासारखा आहे. १९७७च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये भारतातला जो प्रसंग आहे, त्याचं चित्रीकरण खोपोलीजवळच्या हाळ गावात झालं. आकाशातून ऐकलेले सूर गाणारा आणि ते कुठून आले असं विचारताच एकाच वेळी बोटं वर करणारा तो जमाव आपल्या खालापूर तालुक्यातला आहे. पुढे ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’साठी त्यांच्या चमूला आमच्या जयपूरजवळचा आमेरचा किल्ला हवा होता. पटकथेतलं भारताचं चित्रण आपल्या सरकारला आक्षेपार्ह वाटलं, परवानगी मिळाली नाही, आणि चमू श्रीलंकेला गेला. १९८४ साली चित्रपट आला तेव्हा त्यातला भारत कसा होता हे आपण पाहिलंच आहे. हाळमध्ये आपण गर्दी होतो, आमेरमध्ये आपण फक्त देखावा ठरणार होतो. दुसऱ्याच्या गोष्टीत आपल्या वाट्याला बहुतेक वेळा हेच येतं. गोष्ट आपली असेल तर प्रश्नही आपण विचारू.

तो प्रश्न कोणता, हे मला माझ्या कामामुळे नेहमी जाणवत आलं. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर जयपूरला आले. फिजिओथेरपिस्ट आहे. पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पायावर उभं करायचं, तोल सांभाळायला आणि पुन्हा चालायला शिकवायचं, हे माझं रोजचं काम. माणूस आणि त्यानं बनवलेली वस्तू यांची जवळीक मी याहून जास्त कुठे पाहिलेली नाही. ज्या शहरात मी हे काम करते, त्या शहराच्या नावानं हा पाय जगभर ओळखला जातो.

‘जयपूर फूट’ १९६८ साली तयार झाला तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांमुळे. शर्मांचं शालेय शिक्षण नाममात्र, पण हात असामान्य. त्या काळी मिळणारा परदेशी पद्धतीचा पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. आपला रुग्ण अनवाणी चालतो, जेवायला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, चिखलात भात लावतो. पाय बसवून घेऊन लोक घरी जायचे आणि काही दिवसांत तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घ्यायचे. सेठी आणि शर्मांनी रबर वापरून सगळ्या दिशांना वळणारा, अनवाणी चालता येईल असा पाय बनवला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या आणि ‘मयुरी’ हा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावर झाला.

मालपुऱ्याकडच्या एका खेड्यातून आलेली बाई मला चांगली लक्षात आहे. पाय कसा दिसतो, किती वजनाचा आहे, कशाचा बनवला आहे, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. चुलीपुढे बसता येईल का, आणि उठताना कुणाचा हात धरावा लागेल का, एवढंच तिला हवं होतं. वस्तू कुणासाठी बनते आहे आणि ती चालली की नाही हे कोण ठरवणार, हे आधी पक्कं असेल तर वस्तू माणसाच्या ताब्यात राहते, हे मला तिच्यासारख्या रुग्णांनी शिकवलं. आज जी बुद्धिमान यंत्रं बनताहेत त्यांच्याबाबत हा क्रम उलटा झाला आहे. आधी यंत्राला काय काय करता येईल ते पाहिलं जातं. ते कुणाला हवं होतं, हा विचार नंतर, जमला तर.

आणि इथेच ‘वामन’ माझ्या मदतीला येतो.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट न सांगता. जमिनीत खोल गाडलेली एक पेटी शास्त्रज्ञांच्या हाती लागते. ती आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्याहून पुढे गेलेल्या एका संस्कृतीनं ठेवलेली आहे. तिच्यातलं ज्ञान उलगडत जातं आणि त्यातून एक बुद्धिमान यंत्रमानव उभा राहतो. त्याचं नाव वामन. तो मदत करतो, शिकतो, बनवणाऱ्यांच्या पुढे जातो आणि मग त्याला आपल्यासारखे आणखी हवे असतात. एवढं ज्ञान असलेली ती संस्कृती मग संपली कशानं, हा प्रश्न सुरुवातीपासून वाचकाच्या मनात असतो. शास्त्रज्ञांना मात्र तो पुरेसा टोचत नाही, कारण पुढचं पाऊल टाकणं शक्य असतं आणि ते टाकण्याचा मोह अनावर असतो.

वामन कुणाचा द्वेष करत नाही. त्याचे डोळे लाल होत नाहीत. जे घडतं ते टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्प्याला एका शहाण्या, सज्जन माणसाची परवानगी असते. मराठी वाचकाला इथे बळीराजाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बटू दारात येतो, तीन पावलं जमीन मागतो, आणि मागणं इतकं लहान असतं की शुक्राचार्यांचा इशारा राजाला अनाठायी वाटतो. नारळीकरांनी हे नाव देऊन कथेला आपल्या मातीत रोवलं. त्यातही महाराष्ट्रात आपलं मन बळीकडे आहे. पाडव्याला आपण बळीचं राज्य यावं म्हणतो, शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो. जमीन गमावलेल्याची बाजू घेऊन ही कथा ऐकणारा समाज यंत्रमानवाच्या बंडाची गोष्ट जितक्या खोलवर समजून घेईल, तितकी ती लॉस एंजेलिसमध्ये समजेल असं मला वाटत नाही.

बंडाच्या या कथेचा उगम खरं तर युद्धात नव्हताच. कारेल चापेक यांचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं आणि १९२१ साली प्रागमध्ये रंगमंचावर आलं. त्यातले कृत्रिम कामगार कारखान्यात माणसाऐवजी राबण्यासाठी बनवलेले होते. म्हणजे सुरुवातीला हा प्रश्न श्रमाचा होता. राबणार कोण, त्याचा मोबदला कुणाला, आणि ज्याचं काम गेलं त्या माणसाचं पुढे काय? ‘टर्मिनेटर’ आणि ‘मेट्रिक्स’नं कथेला भव्यता दिली, पण त्यात हा प्रश्न बंदुकांच्या आवाजाखाली दबला.

जयपूरमध्ये तो दबत नाही. सांगानेरला जाऊन पाहा. लाकडी ठशांनी कापड छापणारे छिपा कारागीर पिढ्यान् पिढ्या तिथे आहेत. आधी स्क्रीन प्रिंटिंग आलं, मग डिजिटल छपाई आली. ठशाची नक्कल यंत्र इतक्या सफाईनं करतं की दुकानातल्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तिथे कुठल्याही यंत्रानं बंड केलं नाही, कुणावर चाल करून आलं नाही. कुणीतरी मीटरमागे पडणाऱ्या खर्चाचा हिशेब केला आणि एका माणसाचा हात थांबला. हाच हिशेब आता लेखनिक, अनुवादक, चित्रकार, हिशेबनीस यांच्यापर्यंत आला आहे.

चित्रपटसृष्टीपर्यंतही आला आहे. २०२३ साली हॉलिवूडचे लेखक आणि मग अभिनेते संपावर गेले, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधनं घाला ही त्यांची एक मुख्य मागणी होती. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती नव्यानं प्रदर्शित झाली, आणि तिचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा नायक इथे जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर निषेध केला, धनुष यांनीही केला. हक्क निर्मात्या कंपनीकडे होते, त्यामुळे शेवट बदलला गेला तो गेलाच. दिग्दर्शकाचा शब्द यंत्रानं मोडला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. एका कचेरीत कुणीतरी संमतीची सही केली, म्हणून तो मोडला. बंडाची खरी जागा तिथे आहे, आणि ‘वामन’ वाचलेल्या माणसाला ती चटकन ओळखता येते.

यंत्रांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे स्पष्ट सांगते. मार्च २०२०मध्ये, कोरोनाच्या पहिल्या दिवसांत, इथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात जयपूरमध्येच बनलेल्या यंत्रमानवांची चाचणी झाली. ‘सोना २.५’ असं त्यांचं नाव. रुग्णांच्या खोलीत औषधं आणि जेवण पोचवायचं, म्हणजे परिचारिकांना संसर्ग होणार नाही, ही कल्पना. दवाखान्यात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात तेव्हा काय भीती होती ते मला ठाऊक आहे, आणि त्या यंत्राची बातमी पाहून मला मनापासून बरं वाटलं. ते यंत्र कुणाला तरी वाचवण्यासाठी पुढे गेलं होतं. तेच यंत्र उद्या परिचारिकांची संख्या कमी करण्यासाठी वॉर्डात आणलं, तर यंत्र बदललेलं नसेल, ठरवणाऱ्याचा हेतू बदललेला असेल. प्रेक्षकाला हा फरक दाखवणारा चित्रपट आज हवा आहे. शहरं उद्ध्वस्त होताना दाखवणारे पुष्कळ झाले.

मराठीत हे परवडेल का, असं कुणी लगेच विचारेल. मला या शंकेला नीट उत्तर द्यायचं आहे.

तमिळ चित्रपटसृष्टीनं २०१० साली शंकर यांचा ‘एंधिरन’ करून दाखवला. हिंदीत तो ‘रोबोट’ नावानं आला. चिट्टी नावाचा यंत्रमानव माणसासारखं प्रेम करायला लागतो, त्याच्यात विध्वंसाची चिप बसवली जाते आणि तो स्वतःच्या प्रतिकृतींची फौज उभी करतो. दहा वर्षं तो चित्रपट या ना त्या रूपात अडकला होता. आधी कमल हासन, मग शाहरुख खान यांची नावं झाली आणि शेवटी रजनीकांत आले. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं नाव सुजाता यांचं आहे. सुजाता म्हणजे एस. रंगराजन, भारत इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंते. आपल्या मतदान यंत्राच्या घडणीत त्यांचा वाटा होता, आणि तमिळमध्ये विज्ञानकथा घरोघरी पोचवणारे लेखकही तेच. ‘एंधिरन’च्या संवादलेखनात ते होते. २००८ साली ते गेले, पण पडद्यावर त्यांचं नाव आहे. तमिळ समाजानं आपल्या विज्ञानलेखकाला आपल्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाच्या शेजारी बसवलं.

आपल्याकडे तसा लेखक होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ना. वि. जगताप या टोपणनावानं पाठवली, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेकडे पाहावं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. फ्रेड हॉइलबरोबर विश्वरचनेवर काम केलेला हा माणूस पुढे आयुष्यभर मराठी मुलांसाठी लिहीत राहिला, पुण्यात आयुकासारखी संस्था उभी करताना लिहीत राहिला, २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणारे लेख भरपूर आले. ‘वामन’ मात्र अजून पुस्तकातच आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. ‘एंधिरन’ला शंभर कोटींहून जास्त लागले, कारण त्यात फौजा होत्या. ‘वामन’ची ताकद फौजांत नाही. त्यात थोडी माणसं आहेत, बंद दारांआडची चर्चा आहे आणि एक बुद्धिमान यंत्र आहे. अलेक्स गार्लंड यांचा ‘एक्स मशिना’ अशाच मोजक्या माणसांचा आणि एका घरात घडणारा चित्रपट होता. हॉलिवूडच्या मानानं किरकोळ खर्चात झाला आणि २०१६ साली दृश्य परिणामांचं ऑस्कर घेऊन गेला. तो फार दूरचा वाटत असेल तर केरळकडे पाहा. २०१९च्या ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’मध्ये खेड्यात एकट्या राहणाऱ्या हट्टी म्हाताऱ्या बापाची देखभाल करायला मुलगा यंत्रमानव आणून ठेवतो. यंत्राच्या सांगाड्याआत एक अभिनेता आहे, अंगण आहे, विहीर आहे, आणि प्रेक्षक खिळून बसतो. मराठीतही सुजय डहाके यांनी २०१६ साली ‘फुंतरू’सारखा प्रयत्न केला होता. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. मराठी चित्रपटानं कमी पैशांत माणसांचे चेहरे वाचून दाखवण्याचं काम नेहमीच चोख केलं आहे, आणि या कथेला तेच लागतं.

माझी मागणी तीन ठिकाणी आहे. पहिली दिग्दर्शकांकडे. ‘वामन’ पुन्हा वाचा आणि त्यातल्या शास्त्रज्ञांना आजच्या काळात आणा. तेव्हा जी कल्पना होती, ती आता खिशातल्या फोनमध्ये आहे, त्यामुळे प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी मागणी महाराष्ट्र सरकारकडे. मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. त्यात विज्ञानकथेसाठी वेगळी जागा ठेवा आणि पटकथा लिहिण्याच्या टप्प्यावरच मदत द्या, कारण विज्ञानकथा फसते ती बहुतेक वेळा लिखाणात. आयुकातले, आयआयटीतले लोक सल्ल्याला मिळतील. नारळीकरांच्या शब्दावर विज्ञानाकडे वळलेली एक पिढी तिथे काम करते आहे. तिसरी मागणी आपल्यासारख्या प्रेक्षकांकडे. हॉलिवूडच्या एका चित्रपटाच्या तारखा जितक्या उत्सुकतेनं आपण विचारल्या, तितक्याच उत्सुकतेनं हेही विचारू या. निर्मात्याला आपल्या विचारण्याचीच भाषा कळते.

जयपूरमध्ये राजमंदिर हे चित्रपटगृह आहे. १ जून १९७६ रोजी ते सुरू झालं, आणि इथे येणारा पाहुणा हवामहालाबरोबर तेही पाहून जातो. त्याचा आराखडा डब्ल्यू. एम. नामजोशी या मराठी वास्तुविशारदानं केला आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मराठी माणसानं राजस्थानला देशातलं एक देखणं चित्रपटगृह दिलं. आता त्याच्या पडद्यासाठी एक मराठी गोष्टही आपण देऊ शकतो. इथली मराठी मंडळी ती पाहायला येतील, आणि हिंदी शीर्षकपट्ट्या असतील तर सांगानेरचा छिपा आणि मालपुऱ्याची ती बाईही येईल. यंत्राला किती जागा द्यायची आणि ती मोजणार कोण, हे त्यांनी ठरवायचं आहे. जे ठरवायला मोठमोठ्या कंपन्यांच्या सभागृहांत कुणी त्यांना बोलावत नाही, त्याची चर्चा निदान चित्रपटगृहातून बाहेर पडताना तरी त्यांच्यात सुरू व्हावी. ‘वामन’ पडद्यावर यायला हवा तो याच कारणासाठी, आणि तो लवकर यायला हवा, कारण तिसरं पाऊल अजून पडायचं आहे.